न दिसणाऱ्या पाऱ्याचे छायाचित्र : मिनामाता प्रकरण

कारखान्याचा धूर कॅमेऱ्यात पकडता येतो, समुद्रावरचा तेलाचा तवंग पकडता येतो, झाडे तोडून बोडका केलेला डोंगरही पकडता येतो. मिथाइल पारा हे पाऱ्याचे विषारी सेंद्रिय संयुग मात्र पाण्याला रंग देत नाही, माशाची चव बदलत नाही आणि ज्या खाडीत तो मिसळलेला असतो ती खाडी छायाचित्रात एखाद्या पर्यटनाच्या जाहिरातीला शोभेल इतकी शांत दिसते. जपानमधील क्युशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर असलेल्या मिनामाता या गावात छायाचित्रकारांपुढे नेमकी हीच अडचण होती. तरीही तेथील विषबाधेची छायाचित्रे पर्यावरणविषयक छायाचित्रणाच्या इतिहासात अत्यंत परिचित ठरली, आणि त्यांतील सर्वांत गाजलेले छायाचित्र, त्याचे हक्क जिच्याकडे होते त्या व्यक्तीनेच पुढे प्रसारातून मागे घेतले. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, असे माझे मत आहे. विष दिसत नव्हते म्हणून कॅमेऱ्याला माणसाच्या शरीराकडे वळावे लागले. आणि शरीर हा पुरावा असला, तरी तो कोणाचा तरी मुलगा किंवा कोणाची तरी मुलगी असते.

खाडीत काय घडले

चिस्सो या रसायन कंपनीचा कारखाना मिनामात्यात 1908 साली सुरू झाला. 1932 पासून तेथे असेटाल्डिहाइड या रसायनाचे उत्पादन होऊ लागले. असेटिलीन वायू आणि पाणी यांची अभिक्रिया घडवण्यासाठी पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरला जाई, आणि या प्रक्रियेत थोडा मिथाइल पारा आपोआप तयार होऊन सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. तेथून तो सूक्ष्म जीवांत, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत, मग मोठ्या माशांत आणि शिंपल्यांत साठत गेला. प्रत्येक पायरीवर त्याची मात्रा वाढत होती. शेवटच्या पायरीवर शिरानुई समुद्राकाठची मच्छीमार कुटुंबे होती, ज्यांच्या ताटात तिन्ही त्रिकाळ मासे असत, आणि त्या ताटातले उरलेसुरले खाणारी मांजरे होती. मांजरांचे तोल जाऊ लागले, ती गोल गोल फिरू लागली, पाण्यात पडून मरू लागली. माणसांना हाताच्या बोटांत मुंग्या येणे, दृष्टीचे क्षेत्र आक्रसणे, बोलणे अडखळणे, झटके येणे असे त्रास सुरू झाले. 1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मेंदू व मज्जासंस्थेच्या एका अज्ञात आजाराची नोंद सरकारी आरोग्य केंद्राकडे केली. हीच या रोगाची अधिकृत जन्मतारीख मानली जाते.

यानंतरची तीन वर्षे या प्रकरणात फार महत्त्वाची आहेत. सप्टेंबर 1958 मध्ये कंपनीने सांडपाण्याचा मार्ग खाडीऐवजी मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवला, त्यामुळे आजार खाडीबाहेरच्या गावांतही पसरला. जुलै 1959 मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी कारण सेंद्रिय पारा असल्याचे जाहीर केले. सांडपाण्याच्या तोंडाशी असलेल्या गाळात दर टनामागे सुमारे 2 किलो पारा सापडला होता. त्याच वर्षी होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना दिले, आणि ऑक्टोबरमध्ये 400 क्रमांकाच्या मांजरात रोगाची लक्षणे उघड झाली. कंपनीने हे प्रयोग थांबवले आणि निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. वर्षाच्या अखेरीस पीडितांशी ‘सहानुभूती रकमेचा’ करार झाला. उद्या कारखानाच दोषी ठरला तरी अधिक भरपाई मागणार नाही, असे कलम त्यात घालण्यात आले होते.

त्याच डिसेंबरमध्ये कंपनीने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे उद्घाटन केले आणि कंपनीच्या अध्यक्षांनी त्या यंत्रणेतून आलेले म्हणून सांगितलेले पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखवले. असेटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी त्या वेळी त्या यंत्रणेतून जातच नव्हते, आणि विरघळलेला पारा काढण्यासाठी ती बनवलेलीही नव्हती. पाण्याच्या प्याल्याचे हे दृश्य आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचे वाटावे. प्रदूषणाच्या वादात दृश्याची ताकद केवळ पीडितांच्या बाजूची माणसेच ओळखतात असे नाही. कंपनीने ती आधी ओळखली होती, आणि तो खेळ पुढची काही वर्षे यशस्वीही झाला. प्रश्न सुटला अशी समजूत देशभर पसरली आणि पारा 1968 पर्यंत समुद्रात जात राहिला.

थोडक्यात, पुरावा 1959 मध्येच उपलब्ध होता, पण तो मान्य करण्याची इच्छा कोणाला नव्हती. गावाचा कर, गावातल्या नोकऱ्या आणि गावाचे राजकारण कारखान्यावर उभे होते. आजार संसर्गजन्य असल्याच्या संशयाने रुग्णांच्या घरांना वाळीत टाकल्यासारखी वागणूक मिळत होती. मासे विकले जाणार नाहीत आणि मुलींची लग्ने होणार नाहीत, या भीतीने अनेक कुटुंबे आजार लपवत होती. अशा गावात कॅमेरा घेऊन शिरणारा माणूस रुग्णाच्या दारातही नकोसाच असतो, ही गोष्ट पुढचे वाचताना लक्षात ठेवावी लागेल.

आधी आलेला आणि नंतर आलेले

मिनामात्याचे नाव निघाले की जगात युजीन स्मिथ यांचे नाव निघते, पण तेथे दीर्घकाळ काम करणारा पहिला छायाचित्रकार जपानीच होता. शिसेई कुवाबारा हे चोविशीच्या सुमारास, 1960 साली मिनामात्यात आले. रुग्णालयातील खाटा, अंगणात खेळू न शकणारी मुले, जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्या स्त्रिया असे दैनंदिन जीवन ते टिपत राहिले. 1962 मध्ये त्यांनी टोकियोत प्रदर्शन भरवले आणि पुढे अनेक दशके ते पुन्हा पुन्हा त्याच घरांत जात राहिले. ज्या काळात रुग्णांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते त्या काळातील हे काम आहे. त्याचे मोल जगाने उशिरा आणि कमी ओळखले, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. प्रसिद्धीचे गणित कामाच्या तारखेवर चालत नाही. ते छापणाऱ्या नियतकालिकाच्या खपावर चालते.

युजीन स्मिथ यांचा जन्म 1918 चा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातला. ‘लाइफ’ साप्ताहिकातील त्यांच्या छायाचित्रमालांनी हा प्रकारच घडवला, असे म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावा येथे ते गंभीर जखमी झाले होते. संपादकांशी त्यांचे पटत नसे आणि 1950 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘लाइफ’ची नोकरी सोडली. टोकियोत जन्मलेल्या, जपानी आई व अमेरिकन वडिलांच्या कन्या आयलीन मिओको यांच्याशी त्यांची ओळख 1970 मध्ये झाली. ऑगस्ट 1971 मध्ये दोघांचा विवाह झाला आणि सप्टेंबरमध्ये ती दोघे मिनामात्यात राहायला आली. त्यांनी भाड्याने घेतलेले घर एका पीडित कुटुंबाचे होते. छायाचित्रे विकसित करण्याची सोयही तेथेच केलेली होती, आणि मुक्काम 1974 पर्यंत टिकला.

आयलीन यांच्याकडे ‘पत्नी आणि दुभाषी’ म्हणून पाहण्याची सवय अजून गेलेली नाही. प्रत्यक्षात 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर दोघांची नावे आहेत, त्यातील कित्येक छायाचित्रे आयलीन यांनी काढलेली आहेत आणि कुटुंबांशी जपानीतून बोलण्याचे, म्हणजे विश्वास मिळवण्याचे, काम त्याच करीत होत्या. स्मिथ यांना जपानी येत नव्हते.

स्मिथ यांची कार्यपद्धती आजच्या नियमांत बसणारी नव्हती. तटस्थता हा शब्द पत्रकारितेच्या कोशातून आपण सर्वप्रथम काढून टाकू, असे त्यांनी त्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात लिहिले आहे, आणि आपली पहिली जबाबदारी ज्यांची छायाचित्रे काढतो त्यांच्याशी व दुसरी वाचकांशी असल्याचे म्हटले आहे. डार्करूममध्ये ते प्रतीचा बहुतेक भाग काळोखाच्या जवळ नेत आणि मग पोटॅशियम फेरिसायनाइड या रसायनाने हवे तेवढेच चेहरे व हात उजळवत. आफ्रिकेत रुग्णालय चालवणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांचे छायाचित्र तयार करताना त्यांनी दोन निगेटिव्ह एकत्र केल्या होत्या, ही गोष्टही आज सर्वश्रुत आहे. मिनामात्याच्या छायाचित्रांचा गडद, कोरीव नूर या हातातून आलेला आहे. दोषनिश्चितीसाठी छायाचित्र वापरणाऱ्याने हा फरक डोळ्यांआड करू नये, कारण स्मिथ यांची प्रत हे साक्षीदाराचे निवेदन आहे. तिला पंचनाम्याचे स्थान देता येत नाही.

7 जानेवारी 1972 रोजी चिबा प्रांतातील गोई येथील चिस्सोच्या कारखान्यात पीडितांचे नेते तेरुओ कावामोतो आणि त्यांचे साथीदार कामगार संघटनेला भेटायला गेले असता कंपनीच्या माणसांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्यात स्मिथ यांना जबर मारहाण झाली. मानेला आणि नजरेला झालेली इजा त्यांना अखेरपर्यंत जाचत राहिली. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले.

न्हाणीघरातील छायाचित्र

2 जून 1972 च्या ‘लाइफ’मध्ये मिनामात्याची छायाचित्रमाला प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकात नळातून वाहणाऱ्या मृत्यूचा उल्लेख होता. या मालेतील ज्या एका चित्राने जगाचे लक्ष खिळवून ठेवले, ते डिसेंबर 1971 मध्ये एका घराच्या न्हाणीघरात काढलेले होते. आई पाण्याच्या हौदात बसली आहे, तिच्या हातांवर तिची पंधरा वर्षांची मुलगी आडवी आहे. मुलीचे हातपाय आखडलेले, डोळे छताकडे आणि आईची नजर तिच्या चेहऱ्यावर. बाकी सर्व अंधार. मुलीचे नाव त्या छायाचित्राच्या शीर्षकातच असल्याने सर्वत्र आढळते. कुटुंबाच्या इच्छेचा विचार करून मी ते येथे देत नाही.

ही मुलगी जन्मतःच आजारी होती. वारेमुळे, म्हणजे प्लासेंटामुळे, गर्भाचे विषापासून रक्षण होते, अशी त्या काळची वैद्यकीय समजूत होती. ती चुकीची असल्याचे डॉ. मासाझुमी हाराडा यांच्यासारख्या डॉक्टरांच्या कामातून स्पष्ट झाले आणि 1962 मध्ये जन्मजात मिनामाता रोगास मान्यता मिळाली. जपानी कुटुंबांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची रीत आहे. त्या नाळांच्या तपासणीत मिथाइल पारा सापडला, आणि वर्षांमागची विषबाधा डबीतून बाहेर आली. आईच्या शरीरातील पारा गर्भाने शोषून घेतल्यामुळे आईला त्रास कमी जाणवत असे. म्हणूनच या मुलीची आई तिला ‘रत्न’ म्हणत असे. आमचे विष तिने स्वतःवर घेतले आणि मी व तिची भावंडे वाचलो, असे ती माउली सांगे. हे वाक्य ऐकल्यावर त्या छायाचित्रातील नजर वेगळी वाटू लागते.

छायाचित्र चोरून काढलेले नव्हते. स्मिथ दांपत्याचे त्या घरी जाणेयेणे होते, न्हाणीघरात छायाचित्र काढण्याविषयी आईशी आधी बोलणे झाले होते आणि जगाला हे कळावे म्हणून तिने होकार दिला होता. रचना ठरवून केलेली असली तरी कृती रोजची होती. आई मुलीला याच प्रकारे न्हाऊ घालत असे.

आता या चित्रात काय नाही ते पाहावे. त्यात समुद्र नाही, मासा नाही, कारखान्याचा नळ नाही, चिमणी नाही. पर्यावरणावरील मानवी आघाताचे हे विख्यात चित्र असूनही त्यात पर्यावरण दिसतच नाही. येशूचे शव मांडीवर घेतलेल्या मेरीच्या मायकेलअँजेलोकृत शिल्पाची आठवण समीक्षकांना वारंवार झाली, ती याचमुळे. फोटोओळ काढून टाकली तर हे वात्सल्याचे आणि दुःखाचे चित्र उरते, आणि दोषी कोण हा प्रश्न चौकटीबाहेर राहतो. ‘लाइफ’मध्ये मात्र ते एकटे नव्हते. सांडपाण्याचा नळ, कारखाना, होड्या, वाकडी झालेली बोटे आणि कंपनीशी संघर्ष करणारी माणसे अशा क्रमात ते आले होते, आणि तो क्रमच त्याला आरोपाचे बळ देत होता. पुढे ते चित्र क्रमातून निसटून पोस्टरांवर, पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांच्या भिंतींवर गेले, तेव्हा प्रत्येक वेळी त्यातील आरोप थोडा पुसट झाला, असे मला वाटते.

श्रेयाचा हिशेब

छायाचित्राने कंपनीला गुडघे टेकायला लावले, असे लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. तारखा लावून पाहिल्या तर ते टिकत नाही. सरकारने चिस्सोचे सांडपाणी हेच कारण असल्याचे 26 सप्टेंबर 1968 रोजी मान्य केले होते, म्हणजे असेटाल्डिहाइडचे उत्पादन बंद झाल्यानंतर काही महिन्यांनी. जपानमधीलच निगाता येथे 1965 मध्ये दुसऱ्या कंपनीमुळे असाच आजार उघड झाल्याने दबाव वाढला होता. पीडितांच्या एका गटाने जून 1969 मध्ये दावा दाखल केला. 1970 मध्ये रुग्णशय्येवरून होसोकावा यांनी 400 क्रमांकाच्या मांजराविषयी साक्ष दिली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पीडितांनी कंपनीचा एकेक समभाग विकत घेऊन नोव्हेंबर 1970 मध्ये ओसाकातील भागधारकांच्या सभेत यात्रेकरूंच्या पांढऱ्या वेशात प्रवेश केला. 1971 च्या अखेरीपासून कावामोतो यांचा गट टोकियोत कंपनीच्या मुख्यालयात ठाण मांडून बसला. कुमामोतो जिल्हा न्यायालयाने 20 मार्च 1973 रोजी निकाल देताना कंपनीचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याचे म्हटले, 1959 चा करार रद्द ठरवला आणि प्रत्येक पीडितामागे 1.6 ते 1.8 कोटी येनपर्यंत भरपाई दिली. या निकालाचा पाया साक्षी, वैद्यकीय संशोधन आणि कंपनीची लपवलेली माहिती हा होता.

मग छायाचित्रांनी काय केले? प्रश्न जपानबाहेर नेला, आणि ज्यांना गावात तोंड लपवावे लागत होते त्या कुटुंबांना जगासमोर ताठ उभे राहण्याची जागा दिली. 1972 मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली तेव्हा मिनामात्याचे रुग्ण तेथे स्वतः उपस्थित होते. ‘लाइफ’चा अंकही त्याच आठवड्यातला. हे काम लहान नाही, पण ते न्यायालयाचे काम नव्हे. आपल्याकडे एखाद्या नदीच्या फेसाचे छायाचित्र व्हायरल झाले की आता कारवाई होणारच, असे गृहीत धरले जाते. त्या नदीच्या पाण्याचे नमुने, तारखा आणि तक्रारींच्या पोचपावत्या कोणीतरी जमवत असेल, तरच त्या छायाचित्राला पुढे काही आधार राहतो.

परत केलेले छायाचित्र

मुलीचे निधन डिसेंबर 1977 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी झाले. छायाचित्र मात्र फिरत राहिले. त्यातून कुटुंबाला पैसे मिळतात, अशी कुजबुज गावात होत असे, आणि ती खोटी असूनही सहन करावी लागे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका फ्रेंच दूरचित्रवाणी वाहिनीने त्या छायाचित्राविषयी मुलाखतीची विनंती केली तेव्हा वडिलांनी नकार दिला. मुलीला आता विश्रांती मिळू द्यावी, अशी त्यांची भावना होती. आयलीन यांच्याकडे छायाचित्राचे हक्क होते. 1998 मध्ये त्यांनी त्याच्या वापराचा निर्णय आईवडिलांच्या हाती सोपवला आणि नव्याने प्रसिद्ध करण्याची परवानगी देणे थांबवले.

या निर्णयावर टीका झाली. इतिहासाचा दस्तऐवज कुटुंबाच्या इच्छेवर कसा सोडायचा, हा टीकेचा मुद्दा होता आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. तरीही मला आयलीन यांची बाजू अधिक पटते. 1971 मध्ये दिलेला होकार एका चालू लढ्यासाठी होता. लढ्यातली गरज सरली, मुलगी गेली, आणि आईवडिलांनी दिलेली गोष्ट त्यांनीच परत मागितली. स्मिथ यांनी विषय ठरलेल्या माणसाला वाचकाच्या आधी स्थान दिले होते; आयलीन यांनी ते तत्त्व वीस-पंचवीस वर्षांनंतर, आर्थिक व व्यावसायिक नुकसान सोसून पाळले. व्यवहारात अर्थातच आधी छापलेले अंक, पुस्तके आणि संग्रहालयांतील प्रती परत येणार नव्हत्या, आणि 2020 च्या एका चित्रपटात त्या न्हाणीघराचे दृश्य पुन्हा उभे केले गेले तेव्हा जुना वाद नव्याने निघाला.

भोपाळशी तुलना येथे टाळता येत नाही. डिसेंबर 1984 मध्ये मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी टिपला, आणि तो चेहरा त्या दुर्घटनेची ओळख बनला. ते बालक कोणाचे, हे जगाला माहीत नाही. तेथे होकार देणारे कोणी नव्हते, त्यामुळे परत मागणारेही कोणी नाही. मिनामात्यात निदान एक घर होते, जिथे जाऊन विचारता येत होते.

चित्रात न बसणारे रुग्ण

या प्रकरणाची एक बाजू मला सर्वांत अस्वस्थ करते आणि तिची चर्चा क्वचित होते. न्हाणीघरातील छायाचित्रामुळे मिनामाता रोग म्हणजे आखडलेले हातपाय आणि हरवलेली वाचा, अशी प्रतिमा लोकांच्या मनात पक्की झाली. बहुसंख्य पीडितांचा आजार तसा नव्हता. त्यांची बोटे बधिर होती, शर्टाची बटणे लावता येत नव्हती, चटका बसला तरी जाणवत नव्हता, डोळ्यांच्या कडांनी दिसत नव्हते. अशा माणसाचे छायाचित्र काढले तर त्यात एक धडधाकट म्हातारा मच्छीमार दिसेल. पाऱ्याप्रमाणेच या रुग्णांचा त्रासही कॅमेऱ्याला दिसत नव्हता, आणि शेजाऱ्यांना तो ढोंग वाटत असे.

या रोगाचा रुग्ण असल्याच्या सरकारी प्रमाणपत्राचे 1977 चे निकषही अनेक लक्षणे एकत्र असावीत असा आग्रह धरणारे होते. ते निकष छायाचित्रांमुळे आले असे मी म्हणत नाही. त्यामागे भरपाईच्या खर्चाची गणिते होती. परंतु ‘खरा रुग्ण’ कसा दिसतो याची जी कल्पना समाजात रुजली होती, तिने अशा निकषांना विरोध होणे अवघड केले, असे मानायला जागा आहे. कुमामोतो आणि कागोशिमा या दोन प्रांतांत मिळून प्रमाणपत्र मिळालेले रुग्ण सुमारे 2,280 आहेत, तर 1995 ची तडजोड आणि 2009 चा विशेष कायदा यांखाली मदत मिळालेल्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व प्रांत सरकारांनाही जबाबदार धरले. केवळ हातापायांची संवेदना गेलेली व्यक्तीही मिनामाता रोगाची रुग्ण ठरू शकते, हे त्याच न्यायालयाने मान्य केले तेव्हा एप्रिल 2013 उजाडले होते, आणि ज्या स्त्रीच्या बाबतीत तो निकाल लागला, तिचे निधन अनेक वर्षांपूर्वीच झाले होते.